‘श्वेतप्रदर’ लिहिण्यापूर्वी

आपल्यापैकी जे वैद्य तालुक्याच्या किंवा बाजारपेठेच्या गावी चिकित्सालय चालवितात, त्यांना आठवड्यातून अनेकदा एक वाक्य ऐकावे लागते. रुग्णा बसते, पदर सारखा करते, बरोबर आलेल्या सासूकडे किंवा जावेकडे एकदा पाहते आणि खालच्या आवाजात म्हणते, “अंगावरून पांढरं जातं.” कोणी “धुपणी लागलीय” म्हणते. कोणी नुसतेच “अशक्तपणा फार आहे, कंबर दुखते” एवढे सांगून थांबते आणि उरलेले वैद्याने ओळखावे अशी अपेक्षा ठेवते. या वाक्यानंतर आपली लेखणी जे करते त्याविषयी आज लिहावयाचे आहे. ती केसपेपरवर ‘श्वेतप्रदर’ लिहिते. त्याखाली पुष्यानुग चूर्ण, तंडुलोदक, चंद्रप्रभा, लोध्रासव अशी ठरलेली नावे येतात आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली जाते.

हे टीकेच्या सुरात लिहीत असलो तरी या प्रकरणातला पहिला आरोपी मीच आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी चोपन्न-पंचावन्न वर्षांची, शेतमजुरी करणारी एक बाई माझ्याकडे आली. पाळी जाऊन चार वर्षे झाली होती. तक्रार तीच, शिवाय वास येतो आणि कंबर दुखते. मी नाडी पाहिली, जीभ पाहिली, भूक-मल-मूत्र विचारले आणि वर सांगितलेली औषधे दिली. महिन्याने तिने बरे वाटत असल्याचे सांगितले. पुढे तिचा मुलगा बाजारच्या दिवशी येऊन औषध नेऊ लागला. मीही देत राहिलो. पाचव्या महिन्यात ती स्वतः आली आणि म्हणाली, “आता तांबडं बी दिसतंय.” तेव्हा मी तिला पुढे पाठविले. गर्भाशयमुखाचा कर्करोग होता आणि तो आजूबाजूला पसरला होता. किरणोपचार झाले. त्यानंतर ती दीड वर्ष जगली. मधल्या काळात एकदा भेटली तेव्हा तिने मला दोष दिला नाही. उलट “वैद्यबुवा, तुमच्या पुड्यांनी बरं वाटत होतं” असे म्हणाली. हे वाक्य मला कोणत्याही दोषारोपापेक्षा जड वाटले. कारण ते खरे होते. कषाय, स्तंभन द्रव्यांनी स्राव थोडा उणावला असेल, वास कमी झाला असेल, आणि त्या थोड्या सुखानेच पाच महिने गेले.

पाळी गेलेल्या स्त्रीला पुन्हा स्राव का सुरू व्हावा, हा एक प्रश्न मी स्वतःला विचारला असता तर ती पहिल्याच दिवशी पुढे गेली असती. तो विचारला नाही, कारण ‘श्वेतप्रदर’ हा शब्द लिहिला की निदान झाले असे मला वाटत होते.

हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की तो संहितांतून जसाच्या तसा आला असावा अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः बृहत्त्रयीत श्वेतप्रदराचे स्वतंत्र व्याधी म्हणून वर्णन नाही. चरकाने चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापद सांगितल्या, त्यांपैकी अनेकींत स्राव हे लक्षण आहे, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा वर्ण, गंध, स्पर्श, वेदना व काळ वेगळा दाखविला आहे. कफजेत पिच्छिलता, शैत्य व कंडू. पित्तजेत दाह, पाक, ज्वर आणि उष्ण, दुर्गंधी स्राव. उपप्लुतेत गर्भिणीचा संदर्भ. अचरणेत अस्वच्छता व कृमी. म्हणजे आचार्यांनी जेथे वीस दारे ठेवली होती तेथे आपण एकच दार ठेवले आणि त्यावर ‘श्वेतप्रदर’ अशी पाटी लावली. पांढरे जाणे हे लक्षण आहे. ज्वर हा शब्द लिहून आपण थांबत नाही, कोणता ज्वर ते शोधतो; येथे मात्र थांबतो.

स्तंभनाचाही विचार याच अनुषंगाने करावा. अतिसारात आमावस्था असताना स्तंभन करू नये, रक्तपित्तात बलवान रुग्णाचा दूषित रक्तस्राव आरंभीच अडवू नये, हे आपण विद्यार्थिदशेत पाठ केलेले असते. योनिस्रावाच्या बाबतीत हा विवेक कोठे जातो? दोष कोणता, तो कोठून येतो, व्रण आहे की नाही, हे न पाहता लोध्र-धातकी देऊन स्राव अडविणे हे आपल्याच शास्त्राच्या विरुद्ध आहे. पुष्यानुग चूर्णावर माझा राग नाही. तो उत्तम योग आहे. ते चूर्ण तपासणीच्या जागी दिले जाते, यावर माझा आक्षेप आहे.

आता दुसरी बाजू. प्रत्येक स्राव हा रोग नसतो, आणि हे रुग्णेला स्पष्ट शब्दांत सांगणे ही चिकित्साच आहे. प्रजननक्षम वयातील निरोगी स्त्रीस दिवसाकाठी साधारणतः एक ते चार मिलिलिटर स्राव होतोच. तो पांढरट किंवा पारदर्शक असतो, त्याला उग्र वास नसतो आणि त्याने खाज अगर जळजळ होत नाही. कपड्यावर सुकल्यावर तो किंचित पिवळसर दिसतो, आणि तेवढ्यावरूनच कित्येक मुली घाबरतात. मासिक चक्राबरोबर तो पालटतो. पाळीनंतर काही दिवस जवळजवळ कोरडे जातात. बीजोत्सर्गाच्या सुमारास तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, स्वच्छ आणि बोटांत धरल्यास तार निघणारा होतो. त्यानंतर घट्ट व चिकट होतो. पहिली पाळी येण्याच्या आधी काही महिने मुलींना पांढरे जाऊ लागते. गर्भारपणात ते वाढते. कामेच्छेच्या वेळी वाढते. गर्भनिरोधक गोळ्यांनी वा तांबी बसविल्याने त्यात फरक पडू शकतो. नवजात मुलीसही मातेच्या संप्रेरकांच्या प्रभावाने पहिले काही दिवस थोडा पांढरा, क्वचित रक्तमिश्रित स्राव होतो आणि तो आपोआप थांबतो. योनीतील हितकर जंतू तेथील आम्लता राखतात, त्या आम्लतेमुळे अपायकारक जंतूंना थारा मिळत नाही, आणि हा स्राव त्या व्यवस्थेचाच भाग आहे.

परंतु आपल्या समाजात याविषयी एक भीती खोलवर रुजली आहे. पांढरे जाते म्हणजे हाडे झिजतात, अंगातली ताकद वाहून जाते, मांडीतला मगज उतरतो, असे आया लेकींना सांगतात. पुरुषांच्या धातुक्षयाच्या धास्तीची ही स्त्रियांमधली बहीण म्हणावी. या भीतीला आपल्याच व्यवसायातील काही जाहिरातींनी भरपूर खतपाणी घातले आहे, हे येथे नमूद करणे अप्रिय असले तरी आवश्यक आहे. गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी करून डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने प्रत्येक वैद्याने ध्यानात ठेवावा असा आहे. स्त्रिया पांढरे जाण्याची तक्रार का करतात, असा त्यांचा प्रश्न होता. या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक अस्वास्थ्य आणि कौटुंबिक-सामाजिक ताण यांच्याशी अधिक दृढ असल्याचे त्यांना आढळले. “पांढरं जातं, अशक्तपणा आहे, झोप लागत नाही, कशात मन नाही” असे एका दमात सांगणाऱ्या स्त्रीच्या वाक्यातील शेवटचे दोन तुकडे आपण ऐकतच नाही. घरातील छळ, नवऱ्याचे व्यसन, मूल न होण्याचा तगादा हे सर्व ती ‘पांढरे’ या एका शब्दात गुंडाळून आणते. कारण कंबरदुखी व पांढरे जाणे यांसाठी वैद्याकडे जाण्याची परवानगी मिळते, दुःखासाठी मिळत नाही.

यावरून ‘तर मग बहुतेक तक्रारी मनाच्याच’ असा निष्कर्ष कोणी काढील तर तो मोठी चूक करील. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगविषयक तक्रार सांगितली. तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले. आणि यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. पाळीच्या तक्रारींपासून जंतुसंसर्गापर्यंत सर्व विकार या आकड्यात आहेत, हे खरे. तरीही त्यातून दिसते ते असे, की तक्रार नसली म्हणजे रोग नाही असे नव्हे. गोव्याचा अभ्यास सांगतो की तक्रार असली म्हणजे जंतुसंसर्ग असेलच असेही नव्हे. हे दोन अभ्यास शेजारी ठेवले की ‘पांढरे जाते’ या वाक्यावरून, नुसत्या त्या वाक्यावरून, काहीही ठरविता येत नाही हे उघड होते. विचारावे लागते आणि पाहावे लागते.

विचारावयाचे काय? सर्वांत उपयोगी प्रश्न मला असा वाटतो: “तुमचे नेहमीचे जसे असते त्यापेक्षा आता काय बदलले?” प्रत्येक स्त्रीचे ‘नेहमीचे’ वेगळे असते आणि ते तिला नेमके ठाऊक असते, आपण विचारीत नाही एवढेच. रंग, दाटपणा, वास, खाज, जळजळ, ओटीपोटातील दुखणे, ताप, संबंधाच्या वेळी वा नंतर दुखणे किंवा रक्त दिसणे, शेवटची पाळी कधी, दिवस राहिले असण्याची शक्यता, अलीकडे घेतलेली औषधे, नवऱ्यास काही त्रास. हे विचारण्यास पाच मिनिटे पुरतात. पण सासूला बाहेर बसविल्याशिवाय त्यांतील निम्म्यांची खरी उत्तरे मिळत नाहीत.

उत्तरांतून काही चित्रे उभी राहतात. दह्याच्या गुठळ्यांसारखा पांढरा स्राव, तीव्र खाज, लाली, लघवी लागताना बाहेरून झोंबणे आणि वास मात्र फारसा नाही, असे असल्यास बुरशीचा संसर्ग संभवतो. गर्भिणीत, प्रतिजैविके घेतल्यानंतर आणि मधुमेहात तो विशेष आढळतो. ज्या स्त्रीस तो पुन्हा पुन्हा होतो तिची रक्तशर्करा तपासलीच पाहिजे. माझ्याकडील काही रुग्णांचा मधुमेह खाजेच्या तक्रारीनेच प्रथम उघडकीस आला. पातळ, राखाडी-पांढरा, एकसारखा स्राव, मासळीसारखा वास, तोही संबंधानंतर किंवा पाळीच्या सुमारास अधिक, आणि खाज नाही किंवा नाममात्र, असे असल्यास योनीतील हितकर जंतू घटून इतर जंतू वाढलेले असतात. पिवळा-हिरवट, फेसाळ, दुर्गंधी स्राव, जळजळ व खाज यांसह, असेल तर ट्रायकोमोनासचा विचार करावा. हा संसर्ग संबंधातून पसरतो. नवऱ्यास लक्षणे नसली तरी दोघांनाही उपचार द्यावे लागतात, एकीलाच औषध देत बसल्यास तो परत येतच राहतो. पूयुक्त स्राव थेट गर्भाशयमुखातून येत असेल आणि जोडीला ओटीपोटात दुखत असेल, तर संसर्ग वर चढण्याचा धोका असतो, आणि त्याची किंमत पुढे वंध्यत्व किंवा गर्भनलिकेतील गर्भधारणा या रूपाने मोजावी लागते.

येथे एका मोहापासून सावध केले पाहिजे. कफज योनिव्यापद् म्हणजे बुरशी, पित्तज म्हणजे ट्रायकोमोनास, अशी कोष्टके आपल्या परिसंवादांत फळ्यावर मांडली जातात आणि टाळ्याही मिळवितात. पिच्छिलता, पांडुता व कंडू पाहून ती पटतातही. मग खाज नसलेला, पातळ, मासळीच्या वासाचा स्राव कोणत्या रकान्यात घालावयाचा? दोषविचार हा रुग्णेच्या प्रकृती, अग्नी, बल यांसह चिकित्सेची दिशा ठरविण्यासाठी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसेल ते सांगण्यासाठी तो नाही. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि दोन्हींची उत्तरे हवीत. शिवाय नुसत्या लक्षणांवरून जंतू ओळखण्यात स्त्रीरोगतज्ज्ञांचीही फसगत होते. शासकीय केंद्रांवर लक्षणसमूहानुसार रंगीत वेष्टनातील औषधसंच दिले जातात, त्या पद्धतीवरील मुख्य आक्षेपही हाच आहे. सूक्ष्मदर्शकाची साधी तपासणी आणि आम्लता पाहण्याची पीएच कागदाची पट्टी या दोन गोष्टींनी पुष्कळ गोंधळ दूर होतो. बुरशीत आम्लता बहुधा नेहमीसारखी राहते. मासळीच्या वासाच्या विकारात व ट्रायकोमोनासमध्ये पीएच ४.५ च्या वर जाते. कोणते औषध कोणाच्या अधिकारात येते, हा आपल्या सभांतील आवडता वाद मी येथे उघडू इच्छीत नाही. निदानाला तर कोणी मनाई केलेली नाही.

आणि आता पाहण्याविषयी. दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही त्रिविध परीक्षा सांगणाऱ्या वाग्भटानेच अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, यंत्रविधीच्या अध्यायात, योनिव्रणेक्षण नावाचे यंत्र वर्णिले आहे. सोळा अंगुळे लांब, मध्ये पोकळ, चार भिंतींचे, कमळाच्या कळीसारख्या तोंडाचे. मुळाशी शलाका दाबल्या की तोंड उमलावे अशी त्याची रचना. नाव पाहा: योनीतील व्रण पाहण्याचे यंत्र. मूत्रमार्गाने वा अपत्यमार्गाने काय वाहते एवढ्यावर आचार्य समाधानी नव्हते, आत व्रण आहे का हे त्यांना डोळ्यांनी पाहावयाचे होते. आपल्या अभ्यासक्रमात प्रसूतितंत्र व स्त्रीरोग हा विषय आहे, स्पेक्युलम कसे धरावे हे प्रत्येक स्नातकाने रुग्णालयात निदान पाहिलेले असते. आणि तरी किती चिकित्सालयांत ते यंत्र आहे? माझ्या चिकित्सालयात ती बाई गेल्यानंतर आले.

“मी पुरुष वैद्य, माझ्याकडून कोण तपासून घेणार?” ही अडचण मी स्वतः अनेक वर्षे पुढे केली आहे. ती खोटी नाही, पण ती पुरेशीही नाही. पडदा, स्वच्छ टेबल, प्रकाश, शेजारी परिचारिका किंवा रुग्णेच्या विश्वासातील स्त्री, काय करणार आहोत ते आधी सांगणे आणि तिने नको म्हटल्यास थांबणे, एवढे असेल तर पुष्कळ स्त्रिया तयार होतात. ज्या होत नाहीत त्यांना जवळच्या वैद्या किंवा डॉक्टर भगिनीकडे चिठ्ठी द्यावी. अविवाहित मुलीची अंतर्गत तपासणी आपण करू नये; बाह्य पाहणी व इतिहास यांवर भागवावे आणि शंका असल्यास पाठवावे. तपासणी शक्य नाही म्हणून औषध, हा मात्र कोणताच पर्याय नाही.

डोळ्यांनी पाहण्याचे मोल किती, याचे उत्तर महाराष्ट्रातूनच मिळाले आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास टाटा मेमोरियल रुग्णालयाने केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना अल्प प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, गर्भाशयमुखास सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे घरच्या भाषेत व्हिनेगर, लावून पाहणी करविली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशी पाहणी एकदाच केल्याने मृत्यूंत तसा लक्षणीय फरक पडला नाही. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने मात्र ते जवळजवळ निम्म्यावर आले. भारतात २०२२ या एका वर्षात या रोगाच्या सव्वा लाखाहून अधिक नव्या रुग्णांचा आणि सुमारे ८० हजार मृत्यूंचा अंदाज आहे. तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी ही तपासणी शासनाच्या कार्यक्रमात समाविष्ट आहे. आपल्याकडे पांढऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या पस्तिशीच्या स्त्रीस “ही तपासणी झाली आहे का?” एवढे विचारण्यास कोणत्याच पदवीची अडचण येत नाही.

कोणास त्याच दिवशी, निदान त्याच आठवड्यात, पुढे पाठवावे याविषयी माझ्या मनात आता संदिग्धता उरलेली नाही. पाळी जाऊन एक वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग दिसला तरी पाठवावे. पुष्कळदा कारण साधे निघते; संप्रेरके उणावल्याने योनी कोरडी व नाजूक होते आणि तेथून किंचित रक्त येते. अशा वातप्रधान अवस्थेत तैलपिचूने फार चांगला लाभ होतो, हा माझाही अनुभव आहे. पण तो निष्कर्ष गर्भाशय व गर्भाशयमुख तपासून झाल्यावरचा आहे, आधीचा नव्हे. संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाण्यासारखा सतत वाहणारा दुर्गंधी किंवा रक्तमिश्रित स्राव, यांना पुडी देऊ नये. ओटीपोटात दुखणे, ताप आणि स्राव असे त्रिकूट असेल तर थांबू नये. त्यात पाळी चुकलेली असेल व एका बाजूस कळ येत असेल तर रुग्णेला एस.टी.ची वाट पाहावयास लावू नये.

गर्भिणीस पांढरे जाणे नैसर्गिक असले तरी एकाएकी पाणी गळू लागले तर ती पाणमोट फुटल्याची खूण असू शकते, आणि रक्त दिसल्यास तर प्रश्नच नाही. सूतिकेचा स्राव आधी लाल, मग तपकिरी, मग पांढरट होत चार ते सहा आठवड्यांत थांबतो. आपल्या ग्रंथांनी सूतिकाकाळ दीड महिन्याचा मानला आहे तो येथे चपखल बसतो. त्या काळात स्रावास दुर्गंधी आली, ताप आला, लाल रंग पुन्हा वाढला, तर सूतिकारोग म्हणून दशमूलारिष्टावर ठेवू नये. या आजाराने आजही बायका दगावतात.

लहान मुलीची गोष्ट वेगळी आणि कठीण आहे. बहुधा कारण अस्वच्छता, जंत किंवा आत गेलेली एखादी वस्तू असते. दुर्गंधी वा रक्तमिश्रित स्रावात या शेवटच्या शक्यतेकडे विशेष लक्ष द्यावे. परंतु अत्याचाराची शंका मनात येण्याजोगी असेल तर ती मनातच ठेवण्याची मुभा आपणास नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना देणे बंधनकारक केले आहे, आणि ते वैद्यासही लागू आहे. घरच्यांची ओळख, गावातील संबंध, मुलीचे नाव, या सर्वांचा दाब अशा वेळी येतो. तो सोसावा लागतो.

योनिधावनाविषयी चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. कारण येथे आपल्या शास्त्राचे नाव घेऊन बाजार चालला आहे. पंचवल्कल किंवा त्रिफळा क्वाथाचे धावन हे निदानानंतर, विशिष्ट विकारात, मर्यादित दिवस करण्याचे कर्म आहे. ते रोजच्या स्वच्छतेचे साधन नव्हे. वारंवार आतून धुण्याने हितकर जंतू नष्ट होतात, मासळीच्या वासाचा विकार बळावतो आणि संसर्ग वर चढण्याचा धोका वाढतो, हे आधुनिक निरीक्षण आपण मानले पाहिजे. गर्भिणीत तर ते करूच नये. तुरटीचे पाणी, सुगंधी द्रव, ‘आयुर्वेदिक’ असे छापलेल्या बाटल्या वापरून आग झालेल्या तरुण मुली आता शहरातूनच नव्हे, खेड्यांतूनही येतात. बाहेरील भाग साध्या पाण्याने धुवावा, सुती अंतर्वस्त्र वापरावे, ते उन्हात वाळवावे, पाळीचे कापड असल्यास तेही उन्हातच वाळवावे, लपवून ओलसर अडगळीत नव्हे. याहून अधिक काही लागत नाही, असे मी सांगतो. काहींना ते फारच स्वस्त वाटते आणि त्या नाराज होऊन जातात.

पुढे पाठविले म्हणजे रुग्णा आपली राहिली नाही, ही भीती अनेकांच्या मनात असते, आणि ती केवळ उत्पन्नाची नसते; हातची विद्या अपुरी ठरली असे वाटते. माझा अनुभव असा की चिठ्ठी देऊन पाठविलेली स्त्री परत येते. संसर्ग बरा झाल्यावर अग्निमांद्य, पांडुता, अशक्तपणा, पुन्हा पुन्हा उद्भवणारी खाज, पाळीच्या तक्रारी यांसाठी ती येते आणि तेव्हा आपल्या शास्त्राला वाव असतो. लोहकल्प, शतावरी, आहारविहार, निद्रा यांचे काम तेथे आहे. तपासून स्राव नैसर्गिक ठरला तर ‘यात रोग नाही, हाडे झिजत नाहीत’ हे तिला आणि बरोबर आलेल्या सासूलाही आत बोलावून सांगावे. सासूने ऐकणे अधिक महत्त्वाचे असते.

माझ्या चिकित्सालयातील केसपेपर मी नंतर पुन्हा छापून घेतला. ‘निदान’ या रकान्याच्या वर चार ओळी वाढविल्या: शेवटची पाळी, रक्त कधी दिसले का, गर्भाशयमुख पाहिले का, कोणी, कधी, बरोबर कोण आले होते. छापखान्यातल्या मुलाने शेवटची ओळ कशासाठी असे विचारले. पहिल्या तीन ओळींची उत्तरे खरी किती, हे या चौथ्या ओळीवरून कळते, असे मी त्याला सांगितले. आपल्या संघटनेच्या पुढील जिल्हा मेळाव्यात एखादे व्याख्यान कमी करून दोन तास स्पेक्युलम तपासणी व ॲसिटिक आम्लाच्या पाहणीचे प्रात्यक्षिक ठेवावे, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे. प्रात्यक्षिकासाठी जवळच्या शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींना विनंती करता येईल. ज्यांना त्यात सहभागी व्हावयाचे आहे त्यांनी, विशेषतः पुरुष वैद्यांनी, आपली नावे कळवावीत.